लहान कुत्र्याला जोडीदार निवडताना

घरात पाच-सहा किलोचा इंडियन स्पिट्झ असतो, ज्याला आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हटले जाते. घरातली माणसे सकाळी कामाला बाहेर पडतात, मुले शाळेत जातात आणि दिवसभर दाराशी बसून राहणाऱ्या त्या जिवाकडे पाहून कुणाच्या तरी मनात येते की याला एखादी सोबत हवी. विचार चांगला आहे, पण त्यापुढची निवड बहुतेक घरांत उलट्या टोकाने होते. आधी आपल्याला आवडलेले पिल्लू ठरते आणि मग घरातल्या कुत्र्याने ते मुकाट्याने स्वीकारावे अशी अपेक्षा धरली जाते. या लेखात निवडीची सुरुवात घरातल्या कुत्र्यापासून केली आहे. उदाहरणादाखल फ्लॅटमध्ये राहणारी, चार-पाच वर्षांची, नसबंदी झालेली, सहा किलो वजनाची स्पिट्झ मादी समोर ठेवली आहे. तुमच्याकडे पग, शिह त्झू, ल्हासा अप्सो किंवा डॅशहुंड असला तरी विचार याच रीतीने करायचा आहे; तपशील जिथे बदलतात तिथे ते सांगितले आहेत.

सोबत हवी आहे का, हे आधी पाहावे

घरात कुणी नसताना जे कुत्रे सतत रडते, दार ओरबाडते किंवा जागच्या जागी लघवी करते, त्याला दुसऱ्या कुत्र्याची उणीव भासत असते असे बहुतेक वेळा नसते. ते विशिष्ट माणसाच्या अनुपस्थितीने घाबरलेले असते. अशा घरी दुसरे कुत्रे आणले तर माणूस बाहेर पडल्यावर पहिले तसेच रडत राहते आणि पुष्कळदा दुसरेही त्याचे पाहून रडायला शिकते. म्हणून असा त्रास असेल तर आधी पशुवैद्याचा आणि प्रशिक्षकाचा सल्ला घेऊन तो कमी करावा आणि मगच जोडीदाराचा विषय काढावा.

आपल्या कुत्र्याला इतर कुत्र्यांची संगत मुळात आवडते का, हे रोजच्या फिरण्यात दिसते. समोरून ओळखीचे कुत्रे आले की आपली स्पिट्झ सैल अंगाने, थोडी वळसा घेत पुढे जाते, हुंगते, शेपूट आणि कंबर एकत्र हलवते आणि निघताना मागे वळून पाहते, तर ही आशादायक चिन्हे आहेत. ती तुमच्या पायांमागे लपत असेल, ओठ चाटत, जांभया देत तोंड फिरवत असेल किंवा दुसरे कुत्रे दिसताच पट्टा ताणून भुंकत असेल, तर तिला सोबतीपेक्षा शांततेची गरज अधिक आहे. पट्टा ताणून भुंकणारी प्रत्येक स्पिट्झ भांडखोर असते असे मात्र समजू नये, कारण ही जातच आवाजी आहे. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी ओळखीतल्या एखाद्या शांत, लस घेतलेल्या कुत्र्याबरोबर तिच्या चार-सहा भेटी घडवून आणाव्यात. एकाही कुत्र्याशी तिचे कधीच जमले नसेल, तर तिला एकटीच राहू द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. जोडीदार आणण्यामागे तिचे सुख हा हेतू असेल, तर तिचा नकारही मानावा लागतो.

शोध सुरू करण्यापूर्वी तिची तपासणी करून घ्यावी. लहान जातींमध्ये दातांचे आणि हिरड्यांचे आजार लवकर सुरू होतात, गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास स्पिट्झ आणि पॉमेरियनमध्ये नेहमी आढळतो, आणि दुखणे असलेले कुत्रे कुणी अंगाशी आले की चावा घेते. घरच्यांना वाटते की तिला नवे कुत्रे आवडले नाही, पण प्रत्यक्षात तिचा गुडघा दुखत असतो. आठ-नऊ वर्षांपुढच्या कुत्र्याची नजर आणि ऐकू येणेही तपासावे, कारण मागून अचानक आलेल्या पिल्लामुळे ते दचकते आणि दचकलेले कुत्रे आधी चावते.

वजन

लहान कुत्र्याच्या बाबतीत वजनातला फरक हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून त्याला पहिले स्थान द्यावे. पंचवीस-तीस किलोचा लॅब्राडोर मनाने कितीही गरीब असला, तरी खेळताना तो पंजा टाकतो, छातीने ढकलतो आणि वळताना मागचा भाग आपटतो. त्याच्यासाठी हे नित्याचे असते, पण सहा किलोच्या कुत्रीचा पाय मोडायला किंवा पाठ दुखावायला एवढे पुरते. पग आणि शिह त्झू यांच्यात धोका आणखी वेगळा आहे. त्यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असल्याने मानेजवळ किंवा तोंडावर जोराची धरपकड झाली तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो आणि त्यावर तासाभराच्या आत उपचार मिळाले नाहीत तर दृष्टी वाचणे अवघड होते. डॅशहुंडची लांब पाठ मणक्याच्या चकतीच्या आजाराला मुळातच कललेली असते, त्यामुळे त्याच्या अंगावर उड्या मारणारा साथीदार नकोच.

दुसरा धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. मोठे आणि छोटे कुत्रे छान खेळत असतात, छोटे अचानक केकाटते आणि पळत सुटते, आणि त्या क्षणी मोठ्याच्या डोळ्यांसमोर खेळगड्याऐवजी पळणारे सावज उभे राहते. त्यात राग नसतो आणि आधी गुरगुरणेही नसते, त्यामुळे मध्ये पडायला वेळ मिळत नाही. ज्या जाती पळत्या प्राण्याचा पाठलाग करण्यासाठीच जोपासल्या गेल्या, त्यांच्यात ही ओढ जास्त असते. लातूर-मराठवाड्याकडचा कारवानी आणि सीमेपलीकडे कर्नाटकातला मुधोळ हे देखणे आणि काटक कुत्रे आहेत, शेतावर मोकळे धावण्यासाठी त्यांच्यासारखे दुसरे नाहीत, परंतु ससा दिसताच झेपावणाऱ्या या शिकारी कुत्र्यांना फ्लॅटमधल्या छोट्या स्पिट्झचा जोडीदार म्हणून निवडू नये.

माझ्या मते नव्या कुत्र्याचे पूर्ण वाढ झाल्यानंतरचे वजन पहिल्याच्या दुपटीच्या आत असावे. म्हणजे आपल्या सहा किलोच्या स्पिट्झसाठी पाच ते बारा किलोंच्या दरम्यानचा साथीदार शोधावा. ही मर्यादा खालच्या बाजूनेही लागू होते, कारण दोन-अडीच किलोच्या चिवावा जातीच्या कुत्र्याला आपली स्पिट्झच दांडगट ठरू शकते. पिल्लू घेत असाल तर आजचे वजन पाहून फसू नये. दोन महिन्यांचे देशी पिल्लू स्पिट्झपेक्षा लहान दिसते आणि वर्षभरात तिच्या तिप्पट होते.

नर की मादी

एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्यांची गंभीर भांडणे अधिक करून समान लिंगाच्या जोड्यांत होतात आणि त्यातही दोन माद्यांची वैरे सर्वांत चिवट असतात, असा वर्तनतज्ज्ञांचा अनुभव आहे. सुखाने नांदणाऱ्या माद्यांच्या जोड्याही पुष्कळ असतात, तरीही निवड आपल्या हाती असेल तर मादीला नर आणि नराला मादी हा सोयीचा मार्ग आहे.

मात्र त्यासाठी दोघांचीही नसबंदी झालेली असावी. लहान मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, माज दोन ते तीन आठवडे टिकतो, आणि त्या काळात फ्लॅटमध्ये नराला तिच्यापासून दूर ठेवणे जवळजवळ अशक्य असते. त्यातून नर अंगाने मोठा असला तर पिल्ले मोठ्या डोक्याची होऊन प्रसूती अडते आणि मध्यरात्री शस्त्रक्रियेची वेळ येते. नराची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे तो गर्भधारणा घडवू शकतो, हे ध्यानात ठेवून तेवढा काळ काळजी घ्यावी.

वय, आणि पिल्लाचा मोह

पिल्लू आणावे असे सर्वांनाच वाटते. ते गोड दिसते, आपल्या हाताखाली वाढते आणि पहिले कुत्रे लहान जिवाला काही करणार नाही असा समज असतो. पण चार-पाच महिन्यांचे पिल्लू म्हणजे दिवसभर शेपटीला लोंबकळणे, कान ओढणे, झोपलेल्या अंगावर उडी घेणे, आणि हे सगळे सहन करण्याचे काम आपण चार वर्षांच्या शांत कुत्रीवर तिला न विचारता टाकत असतो. तरुण, खेळकर कुत्री हे निभावून नेते. वयस्क कुत्रीला त्यात काहीच सुख नसते. ती पलंगाखाली जाऊन बसते आणि आपण समजतो की ती रुसली आहे.

दोन ते चार वर्षांचा, स्वभाव ठरून गेलेला प्रौढ कुत्रा हा माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. त्याचे वजन समोर दिसते, त्याची उर्जा किती आहे ते दिसते, तो इतर कुत्र्यांशी कसा वागतो हे विचारता येते. एखाद्या कुटुंबाने तात्पुरते सांभाळलेले आणि तिथे दुसऱ्या लहान कुत्र्याबरोबर राहिलेले कुत्रे मिळाले तर फारच उत्तम, कारण मग आपण अंदाजावर चालत नसतो. मुंबईतील ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ किंवा पुण्यातील ‘रेस्क्यू’ यांसारख्या संस्थांकडून दत्तक कुत्रे मिळतात. तिथे गेल्यावर रंगरूप सांगण्याऐवजी आपल्या कुत्रीचे वजन, वय आणि खेळण्याची रीत सांगावी व तिला साजेसा कुत्रा सुचवण्याची विनंती करावी. देशी कुत्र्यांतही लहान चणीची, दहा-बारा किलोंवर थांबलेली कुत्री असतात आणि प्रौढ वयात ती ओळखता येतात.

तरीही पिल्लूच आणायचे असेल तर पहिल्याचे वय निदान दीड-दोन वर्षे झालेले असावे आणि ते बोलावल्यावर येणे, थांबणे, ठरल्या जागी शौचाला जाणे इतके शिकलेले असावे, कारण दुसरे पिल्लू पहिल्याचेच पाहून शिकते. एकाच विणीची दोन पिल्ले एकदम आणू नयेत. ती एकमेकांतच गुंतून पडतात आणि माणसाचे शिकवणे दोघांपर्यंत नीट पोहोचत नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू तर कुणी फुकट दिले तरी घेऊ नये. चावा किती जोराचा घ्यावा आणि समोरचा केकाटला की कसे सोडावे, हे पिल्लू आईच्या व भावंडांच्या सहवासात शिकते, आणि हा धडा अर्धवट राहिलेल्या पिल्लाचा त्रास पुढे आपल्या पहिल्या कुत्र्यालाच होतो. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते; विक्रेता हे कागद दाखवायला तयार नसेल आणि पिल्लाची आई दाखवायलाही टाळाटाळ करत असेल, तर तिथून परत फिरावे.

खेळण्याची रीत

वजन, लिंग आणि वय हे तीन निकष कागदावर जुळवता येतात. जोडी खऱ्या अर्थाने टिकते ती खेळण्याच्या रीतीवर, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काही कुत्र्यांना पाठलाग आवडतो, काहींना कुस्ती, काहींना एकच दोरी दोन्ही टोकांनी ओढायला आवडते, तर काहींना शेजारी बसून उन्हात डोळे मिटण्यापलीकडे काही नको असते. स्पिट्झ बहुतेक वेळा पाठलाग करणारी असते. ती धावते, गिरकी घेते, थांबून भुंकते आणि पुन्हा धावते. तिच्यासोबत अंगाला अंग भिडवून लोळणारा पग दिला तर दोघांनाही दुसऱ्याचे वागणे उद्धट वाटते. याशिवाय पगच्या चपट्या चेहऱ्यावरचे भाव इतर कुत्र्यांना पटकन वाचता येत नाहीत आणि त्याचे सततचे घोरणे-फुरफुरणे त्यांना गुरगुरण्यासारखे वाटू शकते, त्यामुळे पगबरोबर कधीच न राहिलेल्या कुत्रीला जास्त वेळ द्यावा लागतो.

बीगल दहा-बारा किलोंच्या आसपासचा, कळपात राहण्यासाठी जोपासलेला कुत्रा असल्याने दुसऱ्या कुत्र्यांशी सहसा जमवून घेतो. मात्र त्याचा व्यायाम कमी पडला तर सगळी उर्जा तो आपल्या छोट्या स्पिट्झवर काढतो. ल्हासा आणि शिह त्झू अंगाने योग्य आहेत, शांतही असतात, पण केसांची निगा दोन कुत्र्यांची म्हणजे दुप्पट होईल हे मान्य असावे. दोन स्पिट्झ एकमेकींना चांगल्या समजतात, फक्त लिफ्टचा आवाज झाला की दोघी मिळून भुंकणार आणि भिंतीपलीकडच्या घरातले तान्हे मूल उठणार, हा विचार आधीच करावा.

चांगला खेळ कसा ओळखायचा, हे प्रत्येक मालकाने शिकून घ्यावे. चांगल्या खेळात दोघेही पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर करून आमंत्रण देतात, तोंड सैल उघडे असते, पळणारा आणि मागे लागणारा यांची अदलाबदल होत राहते, आणि मोठा स्वतःहून खाली लोळण घेऊन छोट्याला वर येऊ देतो. अधूनमधून दोघे थांबतात, अंग झटकतात, इकडेतिकडे हुंगतात आणि पुन्हा सुरू करतात. एकच जण सतत पळत असेल, त्याची शेपूट पोटाखाली गेली असेल आणि तो खुर्चीखाली घुसत असेल, तर तो खेळ राहिलेला नसतो. शंका आली तर एक सोपी कसोटी आहे: जो जोर करतो आहे त्याला मागून हलकेच धरावे आणि दुसऱ्याला मोकळे ठेवावे. मोकळा असलेला परत त्याच्याकडे आला तर दोघांनाही खेळ हवा आहे; तो निघून गेला तर भेट तिथेच थांबवावी.

रोगांचा विचार

ज्याच्या लसीकरणाची नोंदवही नाही असे कुत्रे किंवा पिल्लू थेट घरातल्या कुत्रीजवळ नेऊ नये. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, चपलांवर महिनोन्महिने तग धरतो. डिस्टेंपर, कुत्र्यांचा खोकला, खरूज आणि बुरशी हेही नव्या पाहुण्याबरोबर घरात शिरतात. आधी पहिल्या कुत्रीच्या सर्व लसी व रेबीजची वार्षिक मात्रा पूर्ण असल्याची खात्री करावी. मग नव्या कुत्र्याची पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, शौचाची चाचणी आणि जंताचे औषध उरकावे, गोचिडी काढाव्यात आणि आपल्याकडे गोचीडताप सर्रास असल्याने त्यासाठी रक्त तपासून घ्यावे. घरात आणल्यावर चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी आणि वेगळे अंथरूण ठेवावे आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवूनच पहिल्या कुत्रीकडे जावे. एका खोलीच्या घरात हे जमत नसेल तर तेवढे दिवस त्याला सांभाळणाऱ्या कुटुंबाकडे किंवा संस्थेतच राहू द्यावे. पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात; रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात.

वेळही पाहून ठरवावी. दिवाळीच्या तोंडावर नवे कुत्रे आणू नये, कारण फटाक्यांनी आधीच बिथरलेल्या दोन जिवांची ओळख कधीच चांगली होत नाही. भर पावसाळ्यात गोचिडी आणि लेप्टोचा धोका वाढतो आणि बाहेर लांब फिरणे होत नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस आपल्याकडे सर्वांत बरे.

पहिली भेट

तपासणी झालेल्या आणि लस पूर्ण असलेल्या कुत्र्याची पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही परक्या असलेल्या जागी घडवावी. आपल्या इमारतीची गच्ची आणि पार्किंग ही आपल्या कुत्रीला घराचाच भाग वाटतात, म्हणून ती नकोत. भटक्या कुत्र्यांचा राबता असलेली टेकडी किंवा मैदानही नको. सकाळी लवकर एखादा रुंद, शांत रस्ता निवडावा. दोन कुत्री, दोन माणसे. स्पिट्झची श्वासनलिका नाजूक असल्याने गळपट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घालावा.

सुरुवातीला समोरासमोर उभे करण्याऐवजी दोघांना पंधरा-वीस फुटांचे अंतर ठेवून एकाच दिशेने चालवावे. पट्टा सैल ठेवावा, कारण ताणलेला पट्टा माणसाची भीती थेट कुत्र्यापर्यंत पोहोचवतो. दहा-पंधरा मिनिटांत दोघेही जमीन हुंगू लागले, एकमेकांकडे पाहून पुन्हा नजर वळवू लागले, की अंतर थोडे कमी करावे. मग एकाच्या मागून दुसऱ्याला हुंगू द्यावे, मनात तीन मोजून आनंदाने हाक मारावी आणि पुन्हा चालू लागावे. अंग ताठ होणे, शेपूट सरळ वर जाऊन थरथरणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, टक लावून पाहणे आणि विशेषतः एकदम स्तब्ध होणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. गुरगुरण्याबद्दल मात्र कुत्र्याला रागावू नये; ते सांगत असते, आणि सांगण्याबद्दल शिक्षा झालेले कुत्रे पुढच्या वेळी न सांगता चावते.

लहान कुत्रीला घाईने उचलून कडेवर घेण्याची सवय जवळजवळ प्रत्येकाला असते आणि या भेटीत तीच सर्वांत घातक ठरते. उचलल्यावर दुसरे कुत्रे तिला पाहायला तुमच्या अंगावर उडी मारते, तिचे पाय लोंबकळत असतात, तिला पळता येत नाही, आणि भीती पक्की होते. तिला त्रास होतो आहे असे वाटले तर दोघांच्या मधे उभे राहावे आणि चालत दूर न्यावे.

अशा तीन-चार भेटी वेगवेगळ्या दिवशी झाल्याशिवाय निर्णय घेऊ नये. देणाऱ्या संस्थेने किंवा व्यक्तीने दोन आठवड्यांची चाचणीची मुदत द्यावी, असे आधीच बोलून घ्यावे आणि न जमल्यास कुत्रे परत घेण्याची तयारी लेखी घ्यावी.

घरातले पहिले आठवडे

फ्लॅटमध्ये भांडणे ठरावीक जागी होतात: बेल वाजताच दारापाशी, बेडरूमकडे जाणाऱ्या अरुंद बोळात, सोफ्यावर तुमच्या शेजारच्या जागेसाठी, आणि स्वयंपाकघरात. पोळ्या लाटताना ओट्यावरून एक तुकडा खाली पडतो, दोन तोंडे एकाच वेळी त्यावर जातात आणि क्षणात लहान कुत्रीचा कान फाटतो. म्हणून पहिले काही आठवडे स्वयंपाकाच्या वेळी दोघेही बाहेर असावेत, खेळणी व चघळायच्या वस्तू उचलून ठेवाव्यात, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून द्यावे आणि जेवण संपताच भांडी उचलावीत. पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत. पहिल्या कुत्रीची झोपायची जागा, तिचा खिडकीतला कोपरा आणि तिची तुमच्याबरोबरची एकटीची फेरी यांत काहीही बदल करू नये. मोठ्याला चढता येणार नाही किंवा शिरता येणार नाही अशी एक जागा तिच्यासाठी राखावी. दारात लावायची लहान जाळी यासाठी फार उपयोगी पडते.

भांडण झालेच तर मधे हात घालू नये. जाड चादर किंवा गोधडी दोघांवर टाकावी, पाणी ओतावे किंवा मधे पाट सरकवावा, आणि सुटताच वेगवेगळ्या खोल्यांत न्यावे. लहान कुत्रीच्या अंगावर दाताचे एखादे बारीक भोक दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, कारण मोठ्या जबड्याने आतले स्नायू चिरडलेले असतात आणि वरून ते दिसत नाही. माणसाला चावा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे, घरच्या कुत्र्याची लस झालेली असली तरीही.

पहिली कुत्री दोन-तीन दिवस कमी खाते, थोडी दूर राहते, हे चालण्यासारखे आहे. दोन आठवडे संपत आले तरी ती पलंगाखालून बाहेर येत नसेल, नवे कुत्रे दबा धरून तिच्यावर नजर ठेवत असेल किंवा रक्त निघण्याइतकी चावाचावी एकाहून अधिक वेळा झाली असेल, तर चाचणीची मुदत संपण्यापूर्वी कुत्रे परत करावे आणि याचा अपराधीपणा बाळगू नये. ते कुत्रे दुसऱ्या घरी सुखाने राहू शकते.

जमते आहे असे दिसले की कागदपत्रे पूर्ण करावीत. पुणे, मुंबई यांसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घरात मात्र करारात काय लिहिले आहे ते दुसरे कुत्रे आणण्यापूर्वीच वाचावे आणि घरमालकांशी बोलून घ्यावे.

दोघांना घरात एकटे सोडण्याची घाई करू नये. निदान पहिले दोन महिने बाहेर जाताना त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. त्यानंतर कचरा टाकून येण्याइतका वेळ, मग भाजी आणण्याइतका, मग तासभर असे अंतर वाढवत न्यावे आणि मोबाइलवर दिसेल असा छोटा कॅमेरा खोलीत ठेवून दोघे काय करतात ते पाहावे. वजनात मोठा फरक असलेल्या जोड्यांना मात्र कितीही वर्षे झाली तरी एकाच खोलीत एकटे सोडू नये.